शाळकरी मुलांनी रंगवलेला देश

१/
१९३१ च्या सुमारास तुम्ही इंग्लंडमधील एखाद्या पायवाटेने चालला असता, तर एक चमत्कारिक दृश्य दृष्टीस पडले असते. चार-पाच शाळकरी मुले, सोबत एक शिक्षक, पुठ्ठ्यावर टाचलेला मोठा नकाशा आणि प्रत्येक शेतापाशी थांबून चाललेला वाद. हे गवत कायमचे की यंदापुरते? ही बाग म्हणायची की पडीक रान? वाद मिटला की नकाशातील त्या शेताच्या चौकटीत एक अक्षर लिहायचे आणि पुढच्या कुंपणाकडे वळायचे.

अशा रीतीने काही वर्षांत अख्खा ब्रिटन शेतागणिक नोंदवला गेला. आजचा धागा या नकाशाचा, तो ज्या विचारातून जन्मला त्याचा, आणि शहरातील विद्यार्थ्यांना भिंतीबाहेर नेऊन शिकवण्याच्या खटपटीचा. वाटेत मुंबई लागेल, इंदूर लागेल आणि एक युद्धकैद्यांची छावणीही लागेल.

२/
आरंभ एडिनबरोत आहे. पॅट्रिक गेडिस (१८५४–१९३२) हे मूळचे जीवशास्त्रज्ञ, टी. एच. हक्सली यांचे विद्यार्थी. पदवी मात्र त्यांनी कधीच घेतली नाही. परीक्षांचा त्यांना मनापासून तिटकारा होता. १८७९ मध्ये मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी अधू झाली आणि कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. डोळे सुधारले, पण तासन्‌तास सूक्ष्मदर्शकात पाहणे जमेना. तेव्हा त्यांनी नजर वळवली ती शहराकडे.

१८८६ मध्ये नवविवाहित गेडिस दांपत्य एडिनबरोच्या जुन्या भागातील एका दाटीवाटीच्या, गलिच्छ वस्तीत मुद्दाम राहायला गेले. ज्यांचे प्रश्न सोडवायचे त्यांच्या शेजारी राहावे, एवढा साधा हिशेब त्यामागे होता.

३/
१८९२ मध्ये गेडिस यांनी किल्ल्याजवळचा एक मनोरा ताब्यात घेतला आणि त्याला ‘आउटलुक टॉवर’ हे नाव दिले. मनोऱ्याच्या माथ्यावर ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’ होता. अंधाऱ्या खोलीत भिंगाच्या साहाय्याने बाहेरचे जिवंत शहर एका पांढऱ्या मेजावर उमटवणारे हे यंत्र. गेडिस पाहुण्यांना आधी धापा टाकायला लावत, गोल जिन्याने थेट वर नेत. रक्ताभिसरण वाढले की डोळे अधिक सजग होतात, असे त्यांचे म्हणणे.

मग उतरायला सुरुवात. एका मजल्यावर एडिनबरो, त्याखाली स्कॉटलंड, त्याखाली इंग्रजी भाषक देश, मग युरोप आणि तळाशी जग. आपल्याकडे भूगोल सूर्यमालेपासून सुरू होऊन गावापर्यंत यायचा, किंवा गावापर्यंत येईतो वर्ष संपायचे. गेडिस यांच्या मनोऱ्यात क्रम नेमका उलटा होता. आपल्या गल्लीपासून निघा, जग शेवटी.

४/
मनोऱ्यावरून दिसणारी गोष्ट पुढे प्रत्यक्ष मोजली गेली. त्या कोंदट वस्तीत रिकाम्या, कचऱ्याने भरलेल्या जागा किती? गेडिस यांच्या मंडळींनी पायी फिरून सुमारे पाऊणशे जागा नोंदवल्या. सगळ्यांचे मिळून क्षेत्र दहा एकरांच्या घरात गेले. त्यांतल्या काही जागांवर बागा उभ्या राहिल्या. त्यांची कन्या नोरा हिने या कामात पुढाकार घेतला. भोवतालच्या वस्तीतील मुले तिथे खणू-पेरू लागली. त्यांतली जॉन्स्टन टेरेसवरची एक बाग आजही टिकून आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मुलांना निसर्ग दाखवायला कोणी दूर डोंगरात नेले नाही. आधी मोजणी झाली, मग कुदळ आली. डोके, हृदय आणि हात ही तीन इंद्रिये एकत्र चालली तरच शिक्षण होते, हे गेडिस यांचे आवडते सूत्र होते. या मोजणीच्या पद्धतीला पुढे ‘प्रादेशिक सर्वेक्षण’ असे नाव मिळाले आणि पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे काही ब्रिटिश शाळांतून ते रुजू लागले.

५/
या काळातील एक व्यक्ती मला विशेष आवडते. मेबल बार्कर ही गेडिस यांची मानसकन्या, पेशाने शिक्षिका. परिसराचाच शिक्षणासाठी उपयोग कसा करावा, या विषयावर तिने फ्रान्समध्ये माँपेलिए येथे प्रबंध लिहिला. पण प्रबंधाच्या आदल्याच वर्षी, १९२५ मध्ये, ती स्कॅफेल कड्यावरील ‘सेंट्रल बट्रेस’ ही त्या काळची इंग्लंडमधील अत्यंत अवघड वाट चढून गेली. ती वाट चढणारी पहिली स्त्री तीच. सह्याद्रीत कातळ चढणाऱ्या आपल्या मित्रमैत्रिणींनी हे नाव लक्षात ठेवावे.

६/
आता मुंबईकडे. १९१४ मध्ये गेडिस आपले नगररचनेचे प्रदर्शन घेऊन भारताकडे निघाले. प्रदर्शनाचे सामान ‘क्लॅन ग्रँट’ नावाच्या वेगळ्या जहाजावर होते. मद्रासवर तोफा डागून गेलेली जर्मन युद्धनौका ‘एम्डेन’ तेव्हा हिंदी महासागरात फिरत होती. ऑक्टोबरमध्ये तिने क्लॅन ग्रँट बुडवले. आयुष्यभर जमवलेले नकाशे, चित्रे, आराखडे समुद्राच्या तळाशी गेले. इंग्लंडमधील मित्रांनी धावपळ करून नवे साहित्य पाठवले आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरलेही.

पुढे होळकरांच्या इंदुरात त्यांनी नगररचनेचा दोन खंडांचा अहवाल लिहिला (१९१८). प्लेगने गांजलेल्या त्या शहरात त्यांनी दिवाळीच्या मिरवणुकीचा मार्गच बदलायला लावला. जो भाग रहिवासी स्वच्छ करतील, त्या भागातून मिरवणूक जाईल, अशी अट होती. मिरवणुकीत प्लेगचा प्रतीकरूप प्रचंड उंदीर होता आणि स्वच्छ कपड्यांतील सफाई कामगारांना मानाचे स्थान होते. रस्त्यालाच शाळा करण्याची ही गेडिसपद्धती.

७/
१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा विभाग निघाला आणि त्याचे पहिले प्रमुख गेडिस झाले. १९२४ पर्यंत ते तिथे होते. त्यांच्या प्रोत्साहनाने विलायतेस शिकायला गेलेल्या आणि परत येऊन विभागाची धुरा घेणाऱ्या तरुणाचे नाव गोविंद सदाशिव घुर्ये. मूळचे मालवणचे. घुर्ये यांच्याकडे १९२८ मध्ये एम. ए. करणारी विद्यार्थिनी म्हणजे इरावती कर्वे.

या साखळीला गुरुपरंपरा म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. घुर्ये यांचा जीव ग्रंथांत अधिक रमे आणि इरावतीबाईंनी पुढे आपली वाट जर्मनीत शोधली. पण चालत जाऊन पाहिल्याशिवाय समाज कळत नाही, ही धारणा मुंबईच्या त्या विभागाच्या पायाभरणीतच होती, एवढे म्हणायला हरकत नाही.

८/
आता परत ब्रिटन, आणि धाग्याच्या आरंभीची मुले. लायनेल डडली स्टॅम्प हे लंडनचे भूगोलतज्ज्ञ. १९२३ ते १९२६ या काळात ते रंगून विद्यापीठात प्राध्यापक होते. नंतर ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आले. देशात कोणती जमीन कशासाठी वापरली जाते याचा तपशीलवार नकाशाच नाही, हे त्यांना खटकत होते. सरकारी तिजोरी मंदीने रिकामी. एवढी माणसे आणायची कोठून?

नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यातील शाळांनी १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात असा एक प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांनी आपापल्या परिसराचा भूमी उपयोजन नकाशा काढला होता, आणि तो चांगला निघाला होता. स्टॅम्प यांनी तो धागा उचलला. ऑक्टोबर १९३० मध्ये ‘लँड युटिलायझेशन सर्व्हे’ सुरू झाला.

९/
पद्धत साधी होती, म्हणूनच ती चालली. एका मैलाला सहा इंच या प्रमाणाचे नकाशे शाळांना द्यायचे. या प्रमाणात प्रत्येक शेताचे कुंपणही दिसते. मुलांनी चालत जाऊन प्रत्येक चौकटीत अक्षर लिहायचे. जंगल, कुरण व कायमचे गवत, नांगरट, माळ व खडकाळ रान, बागा, आणि शेतीला निरुपयोगी जागा, असे सहा मुख्य वर्ग. पुढे छापील नकाशांत त्यांचे रंग ठरले : जंगलाला गडद हिरवा, कुरणाला फिका हिरवा, नांगरटीला तपकिरी, माळाला पिवळा, बागांना जांभळा आणि दाट इमारतींना लाल.

तो फिका हिरवा रंग तेवढा ध्यानात ठेवा. शेवटी लागणार आहे.

१०/
वीस हजारांहून अधिक नकाशे भरले गेले. सहभागी मुलांचा आकडा अडीच लाखांच्या आसपास सांगितला जातो. १९३४ पर्यंत बहुतांश काम उरकले होते. ज्या दुर्गम भागांत शाळाच नव्हत्या, तिथे विद्यापीठाचे विद्यार्थी आणि स्वतः स्टॅम्प मोटारीने फिरले.

‘मुलांनी भरलेल्या नकाशांवर विश्वास कसा ठेवायचा?’ ही शंका तेव्हाही होती, आणि ती रास्त होती. चुका झाल्या. कायमचे गवत आणि पेरलेले गवत यांतला फरक शेतकऱ्याचा मुलगा सहज सांगेल. शहरातून सायकलवर आलेल्या मुलाला तो शेतकऱ्याला विचारावा लागे. मला वाटते, खरे शिक्षण त्या विचारण्यातच होते. उत्तर गुरुजींनाही ठाऊक नसायचे. शाळेत असे किती वेळा घडते?

११/
१ सप्टेंबर १९३९. बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने ब्रिटिश शहरांतील मुलांचे स्थलांतर सुरू झाले. अवघ्या काही दिवसांत मुले, माता आणि शिक्षक मिळून सुमारे पंधरा लाख लोक खेड्यांकडे गेले. गळ्यात नावाची चिठ्ठी, खांद्याला वायुमुखवट्याची पेटी. त्यांतल्या अनेकांनी गाय प्रथमच जवळून पाहिली.

आणि खेड्यांतील जमिनीवर आता सरकारची नजर होती. युद्धापूर्वी ब्रिटन आपले निम्म्याहून अधिक अन्न बाहेरून आणत असे. जर्मन पाणबुड्या तो मार्ग तोडू लागल्या. कुरणे नांगरून धान्य पेरणे भाग होते. पण कोणती कुरणे? कुठली? युद्धकाळासाठी परगण्यापरगण्यांत नेमलेल्या कृषी समित्यांपुढे तयार असलेला नकाशा म्हणजे मुलांनी भरलेला तो नकाशा. १९४२ मध्ये स्टॅम्प कृषी मंत्रालयाचे सल्लागार झाले. भूगोलाच्या तासाचे काम अन्नधोरणाचे साधन बनले.

१२/
याच युद्धाच्या मध्यावर, १९४३ मध्ये, लंडनमधील एका शाळा-निरीक्षकाने एक योजना मांडली. नाव फ्रान्सिस बटलर. शहरातील विद्यार्थी जीवशास्त्र शिकत ते बाटलीत बुडवलेल्या नमुन्यांवरून आणि फळ्यावरच्या आकृत्यांवरून. बटलर यांना हवी होती देशभर निवासी केंद्रे. विद्यार्थ्यांनी तिथे आठवडाभर राहावे, चिखलात उतरावे, रात्री प्रयोगशाळेत बसून दिवसभराच्या नोंदी लावाव्यात. ‘कौन्सिल फॉर द प्रमोशन ऑफ फील्ड स्टडीज’ ही संस्था त्यातून जन्मली. हीच पुढे ‘फील्ड स्टडीज कौन्सिल’ झाली. ‘इकोसिस्टम’ हा शब्द १९३५ मध्ये प्रथम छापणारे आर्थर टॅन्सली आरंभीच्या काळात तिचे अध्यक्ष होते.

लंडनवर बॉम्ब पडताहेत, पुढचा हिवाळा कसा जाईल याची शाश्वती नाही, आणि काही माणसे शाळकरी मुलांना शेवाळ कुठे दाखवायचे याच्या बैठका घेत आहेत. मला हे वाचताना दर वेळी नवल वाटते.

१३/
पहिले केंद्र १९४६ मध्ये सफोकमधील फ्लॅटफर्ड मिल येथे उघडले. नाव ओळखीचे वाटते? चित्रकार जॉन कॉन्स्टेबल याच्या वडिलांची ही गिरणी. त्याच्या अनेक प्रसिद्ध चित्रांत हाच परिसर आहे. जागा नॅशनल ट्रस्टची, भाड्याने घेतलेली. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकावरून गाडीने मॅनिंगट्रीला उतरायचे आणि तिथून नदीकाठाने चालत यायचे. पहिले प्रमुख एरिक एनियन हे पेशाने डॉक्टर आणि वृत्तीने पक्षिचित्रकार होते.

त्यापाठोपाठ यॉर्कशरमधील मालम टार्न, सरेमधील ज्युनिपर हॉल आणि वेल्सच्या टोकावरचा डेल फोर्ट अशी केंद्रे निघाली. डेल फोर्ट म्हणजे फ्रेंच आक्रमणाच्या धास्तीने एकोणिसाव्या शतकात समुद्रावर बांधलेला तोफांचा किल्ला. तिथे आता सतरा वर्षांची मुले गमबूट घालून ओहोटीची वाट पाहू लागली.

१४/
डेल फोर्टचे पहिले प्रमुख जॉन बॅरेट यांची कथा स्वतंत्र धाग्याची आहे, थोडक्यात सांगतो. ते वायुदलातील अधिकारी. १९४१ मध्ये जर्मनांच्या हाती सापडले आणि वारबुर्ग येथील अधिकारी-कैद्यांच्या छावणीत आले. तिथे त्यांना आणखी तीन पक्षिवेडे भेटले : जॉन बक्स्टन, पीटर काँडर आणि जॉर्ज वॉटर्स्टन. तारेच्या कुंपणाला पक्ष्यांची अडचण नव्हती. प्रत्येकाने एकेक पक्षी वाटून घेतला.

बक्स्टन यांच्या वाट्याला थिरथिरा कुळातील ‘रेडस्टार्ट’ आला. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी पाळ्या लावून एकाच जोडीचे सुमारे ८५० तास निरीक्षण केले. स्वतंत्र माणसाला एवढी सवड कोण देणार! त्यातून पुढे त्या पक्ष्यावरचा अभिजात ग्रंथ तयार झाला. काँडर ब्रिटनच्या पक्षिसंरक्षण संस्थेचे प्रमुख झाले, वॉटर्स्टन यांनी फेअर आइलवर पक्षिनिरीक्षण केंद्र काढले आणि बॅरेट किनाऱ्यावर शिक्षक झाले. साधने नसली तरी निरीक्षण होऊ शकते, हे शिकवायला याहून अधिकारी माणूस मिळाला नसता.

१५/
पण इथे थोडे थांबून दुसरी बाजूही सांगायला हवी. १९५१ पासून ‘ए लेव्हल’ परीक्षा आल्या. पुढे अभ्यासक्रमात परिसरविज्ञान शिरले, क्षेत्रअभ्यास गुणांशी जोडला गेला आणि केंद्रांकडे शाळांची रीघ लागली. संस्था तरली, वाढली. मात्र त्याच खडकावर दर आठवड्याला तीच चौकट ठेवून तेच शंख मोजले जाऊ लागले. उत्तर आता शिक्षकांना आधीच ठाऊक असे. गेडिस यांच्या मनोऱ्यात किंवा स्टॅम्प यांच्या शेतात जे कुतूहल होते, त्याची जागा बऱ्याचदा वहीतील तक्त्याने घेतली. खेरीज निवासाचा खर्च ज्यांना परवडेल त्याच शाळांची मुले येणार, हा पेच तर कायमचा.

आपल्याला हे अनोळखी नाही. महाराष्ट्राच्या दहावीच्या भूगोलाचा पहिलाच धडा ‘क्षेत्रभेट’ आहे. नळदुर्ग ते अलिबाग असा सुरेख प्रवास त्यात आहे. तो प्रवास बाकावर बसूनच केलेले माझे वाचक किती, हे मी विचारत नाही.

१६/
तरीही त्याच डेल फोर्टच्या किनाऱ्यावर १९६१ मध्ये एक विलक्षण काम प्रसिद्ध झाले. बिल बॅलंटाइन या तरुण संशोधकाने दाखवले की खडकावर कोणते शैवाल आणि कोणते शंखप्राणी किती प्रमाणात चिकटले आहेत, एवढे पाहून त्या जागी लाटांचा मारा किती आहे ते सांगता येते. यंत्र नको, वर्षभराची मोजमापे नकोत. किनाराच आपली नोंदवही. शाळकरी मुलालाही वापरता येईल अशी ही मोजपट्टी होती. हेच बॅलंटाइन पुढे न्यूझीलंडमध्ये सागरी अभयारण्यांच्या चळवळीचे अग्रणी झाले.

डेलच्या परिसरातील खडकांची अशी तपशीलवार नोंद झाली, आणि तीही अगदी वेळेवर. शेजारच्या मिलफर्ड हेवन खाडीत तेव्हा मोठे तेलबंदर उभे राहत होते. मार्च १९६७ मध्ये कॉर्नवॉलजवळ ‘टॉरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज खडकावर आदळले आणि काळे तेल किनाऱ्यांवर पसरले. त्याच वर्षी फील्ड स्टडीज कौन्सिलने ओरिएल्टन येथील आपल्या केंद्रात तेलप्रदूषण संशोधन पथक स्थापन केले. किनाऱ्याचे काय बिघडले हे सांगायचे तर आधी तो कसा होता हे ठाऊक हवे. डेलच्या आसपास ते ठाऊक होते.

१७/
जाता जाता एक विरोधाभास. १९८६ मध्ये ‘डूम्सडे बुक’ या १०८६ च्या प्रसिद्ध जमीन-नोंदणीला ९०० वर्षे झाली. त्यानिमित्त बीबीसीने देशभरातील शाळांना आपापल्या परिसराच्या नोंदी पाठवायला सांगितले. हजारो शाळांनी पाठवल्या. सगळे साहित्य त्या काळच्या अत्याधुनिक लेसर तबकड्यांवर साठवले गेले. ती यंत्रणा इतकी महाग होती की बहुतेक शाळांना स्वतःचेच काम पाहता आले नाही. पंधरा-एक वर्षांत तबकड्या वाचणारी यंत्रेच दुर्मीळ झाली आणि त्या नोंदी वाचवायला संशोधकांना खास प्रकल्प हाती घ्यावा लागला.

१०८६ चा ग्रंथ मात्र वाचता येत होता. १९३० च्या दशकातील पेन्सिलची अक्षरेही.

१८/
आणि आता तो फिका हिरवा रंग.

युद्धात नांगरलेली कुरणे युद्धानंतरही परत आली नाहीत. रासायनिक खते, यंत्रे आणि अनुदाने यांच्या जोरावर उरलेलीही गेली. शतकानुशतके न नांगरलेले, वर्षातून एकदाच कापले जाणारे, रानफुलांनी भरलेले ते गवत. किती गेले असावे? १९८७ मध्ये रॉबिन फुलर या अभ्यासकाने इंग्लंड व वेल्समधील सखल भागांतील कुरणांचा हिशेब मांडला. नंतरच्या काळासाठी त्याच्यापुढे आधुनिक पाहण्या होत्या. आधीच्या काळासाठी, १९३२ च्या सुमाराचे चित्र कोठून आणायचे, तर स्टॅम्प यांच्या सर्वेक्षणातून.

उत्तर आले : ९७ टक्के नष्ट. ब्रिटनमध्ये निसर्गसंवर्धनाची चर्चा निघाली की हा आकडा आजही हटकून सांगितला जातो. तो सांगणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की त्याचे एक टोक पायवाटेवर थांबून गवताविषयी वाद घालणाऱ्या मुलांच्या हातात होते.

ते नकाशे आता संगणकीय रूपात कोणालाही पाहता येतात. लंडनच्या कडेचा एखादा भाग उघडा आणि शेजारी आजचे उपग्रहचित्र ठेवा. फिक्या हिरव्या चौकटींच्या जागी बहुतेक ठिकाणी घरे, रस्ते आणि गहू दिसेल. कुठे कुठे एखादी चौकट अजून तशीच आहे.